पदवीचं वजन कोण तपासतं? भारतीय उच्चशिक्षण आणि आंतरराष्ट्रीय दर्जा



आजच्या विषयात 'आंतरराष्ट्रीय दर्जा' हे शब्द आले की आपल्याला लगेच जागतिक क्रमवारी आठवते. पहिल्या शंभरात आपली विद्यापीठं किती, हा प्रश्न दरवर्षी ठरल्यासारखा विचारला जातो, दोन दिवस चर्चा होते आणि विषय मिटतो. आज आपण क्रमवारी बाजूला ठेवणार आहोत, कारण क्रमवारी आणि दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बाजारात वजनमापं तपासणारा निरीक्षक येतो, तेव्हा तो दुकानांना पहिला-दुसरा नंबर देत बसत नाही. काटा बरोबर आहे की नाही, एवढंच बघतो आणि शिक्का मारतो. बाजारातले सगळेच काटे बरोबर असू शकतात. क्रमवारीत मात्र कुणी वर गेलं की कुणाला तरी खाली यावंच लागतं. देशातल्या सगळ्या मुलांसाठी आपल्याला काय हवंय? वरचे पाच-दहा नंबर की बरोबर काटे? आमचं उत्तर अर्थातच दुसरं आहे. ते का, हे आज समजून घेऊ.

तीन वर्षं, पण वजन वेगळं

एक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावातल्या एका मुलीनं तीन वर्षांची बी.एस्सी. चांगल्या मार्कांनी पूर्ण केली. तिला पुढे अमेरिकेत शिकायचंय. तिथली बरीच विद्यापीठं तिला सांगतात, तुमची बारा अधिक तीन मिळून पंधरा वर्षं झाली, आम्हाला सोळा लागतात. मग ती इथंच एम.एस्सी.ला प्रवेश घेते आणि नंतर पुन्हा अर्ज करते. युरोपातून तीन वर्षांची पदवी घेऊन आलेल्या मुलाला मात्र यातली अनेक विद्यापीठं थेट घेतात. वर्षं तीच, मग फरक कुठे पडला?

त्यासाठी थोडं युरोपात जाऊ. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी तिथंही गोंधळच होता. जर्मनीत पहिली पदवीच पाच-सहा वर्षं चालायची, इटलीची रचना वेगळी, इंग्लंडची आणखी वेगळी. एका देशाच्या पदवीचं दुसऱ्या देशात काय करायचं, हे कुणालाच नीट कळत नव्हतं. १९९८ मध्ये फ्रान्स, जर्मनी, इटली आणि ब्रिटन या चार देशांचे मंत्री पॅरिसमध्ये भेटले. पुढच्या वर्षी, जून १९९९ मध्ये, इटलीतल्या बोलोन्या शहरात २९ देशांनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. तीच 'बोलोन्या प्रक्रिया'.

त्यांनी काय केलं आणि काय केलं नाही, हे दोन्ही बघण्यासारखं आहे. सगळ्या देशांना एकच अभ्यासक्रम लावला नाही, एक भाषा लादली नाही, एक परीक्षा मंडळही काढलं नाही. ठरवलं ते एवढंच, की पदवीचे टप्पे सारखे असावेत, अभ्यास मोजायचं माप सारखं असावं, प्रत्येक पदवीसोबत ती नेमकी कशाची आहे हे समजावणारा एक कागद असावा, आणि दर्जा तपासणाऱ्या संस्थांनी एकमेकींच्या तपासणीवर विश्वास ठेवावा.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. २००९ मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियातले विद्यार्थी याच सुधारणांविरुद्ध रस्त्यावर उतरले. पाच वर्षांचा अभ्यास तीन वर्षांत कोंबला, विचार करायला वेळच ठेवला नाही, अशी त्यांची तक्रार होती. ती तक्रार लक्षात असू द्या. माप बदलणं सोपं असतं, आत काय भरायचं ते अवघड असतं.

क्रेडिटचा हिशेब

आता त्या मापाकडे येऊ. त्याला आपण क्रेडिट म्हणतो. मराठीत 'श्रेयांक' हा शब्द आहे, पण कॉलेजात सगळे क्रेडिटच म्हणतात, म्हणून आपणही तोच शब्द वापरू.

युरोपात एका वर्षाचे ६० क्रेडिट असतात. एका क्रेडिटमागे विद्यार्थ्यानं २५ ते ३० तास काम करणं अपेक्षित असतं. म्हणजे वर्षाला १५०० ते १८०० तास. यात फक्त वर्गात बसलेला वेळ नाही. ग्रंथालय, प्रयोगशाळा, घरचा अभ्यास, निबंध, परीक्षेची तयारी, सगळं धरून.

आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला. त्यात वर्षाचे १२०० तास धरलेत आणि ४० क्रेडिट. म्हणजे एका क्रेडिटला ३० तास. तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६०. आता गुणाकार करू. आपली तीन वर्षं म्हणजे ३६०० तास. आपली चार वर्षं म्हणजे ४८०० तास. युरोपची तीन वर्षं म्हणजे ४५०० ते ५४०० तास. त्या मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे. कागदावरच्या हिशेबानं आपली चार वर्षं त्यांच्या तीन वर्षांच्या जवळ जातात. चौथ्या वर्षाचा पर्याय आला, त्यामागे हेही एक कारण आहे.

उरलेलं अर्धं उत्तर जास्त अवघड आहे. ३० तासांच्या त्या क्रेडिटमध्ये व्याख्यानाचे तास साधारण १५ असतात. उरलेले तास मुलानं स्वतः अभ्यास करायचा असतो. आता आपण प्रामाणिकपणे स्वतःला विचारू, की ते तास होतात का? वर्षभर महिने रिकामे जायचे आणि परीक्षेआधीच्या पंधरा दिवसांत गाइड, मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि 'महत्त्वाचे प्रश्न' यांवर निभावून न्यायचं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आमच्यापैकी अनेकांनी ते केलंयही. मग कागदावर चार क्रेडिट आणि अभ्यास मात्र दीड क्रेडिटचा, असं होतं. समोरच्या देशाला हे कळत नाही असं समजू नका. आपली मुलं तिथं जातात, शिकतात, त्यांचं काम तिथले प्राध्यापक बघतात. पदवीचं वजन शेवटी असंच ठरतं.

शिकवणारा वेगळा, तपासणारा वेगळा

हे असं का झालं, याचं कारण जुनं आहे. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथं विद्यापीठं निघाली. त्यांच्यासमोर नमुना होता लंडन विद्यापीठाचा. ते लंडन विद्यापीठ तेव्हा शिकवत नव्हतं. फक्त परीक्षा घ्यायचं आणि पदव्या द्यायचं. शिकवणं कॉलेजांचं काम. १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. ते शिकले एल्फिन्स्टन कॉलेजात. विद्यापीठानं त्यांची परीक्षा घेतली.

तेव्हा हे चाललं, कारण मुलं मूठभर होती. पुढे खुद्द लंडननं १८९८ च्या कायद्यानं आपली रचना बदलली आणि ते शिकवणारं विद्यापीठ झालं. आपल्याकडे मात्र संलग्न कॉलेजांची पद्धत राहिली, वाढत गेली आणि आज एकेका विद्यापीठाला शेकडो कॉलेजं जोडलेली आहेत. २०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीनुसार देशात सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्चशिक्षण घेत होते. या गर्दीत विद्यापीठ मुख्यतः परीक्षेचा कारखाना झालं. वेळापत्रक, हॉल तिकीट, पेपर तपासणी, निकाल, पुनर्मूल्यांकन, एटीकेटी, यातच वर्ष संपतं.

यात शिक्षकाचं काय होतं ते बघा. अभ्यासक्रम दुसऱ्यानं ठरवलेला. पेपर तिसऱ्यानं काढलेला. उत्तरपत्रिका चौथ्याच्या टेबलावर. वर्गातल्या शिक्षकाला एकच गोष्ट करता येते, ती म्हणजे 'पोर्शन पूर्ण' करणं. एखादा प्रश्न वर्गाला कळला नाही म्हणून आठवडाभर थांबावं, तर पोर्शन मागे पडतो. गावातल्या नदीवर एखादा प्रकल्प द्यावा, तर तो पेपरात येत नाही. मुलंही हुशार असतात. ती लगेच विचारतात, "सर, हे परीक्षेला आहे का?"

हा दोष आज कुणी नव्यानं शोधलेला नाही. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानं चांगल्या कॉलेजांना स्वायत्तता द्या असं सांगितलं होतं. १९८६ च्या धोरणातही ते आलं. २०२० च्या धोरणानं तर संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्यानं संपवायची असंच लिहिलं आहे. म्हणजे रोग कळून साठ वर्षं होत आली. औषधही माहीत आहे. घेणं राहिलंय.

वॉशिंग्टन कराराचा धडा

हे सगळं एका जागी स्पष्ट दिसतं ते अभियांत्रिकीत. १९८९ मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या सहा देशांतल्या अभियांत्रिकी संस्थांनी एक करार केला, वॉशिंग्टन अकॉर्ड. अर्थ असा की तुमच्या तपासणी संस्थेनं एखाद्या अभ्यासक्रमाला मान्यता दिली, तर आम्ही ती मान्यता आमच्याएवढीच धरू. याचा अर्थ नोकरी किंवा व्यवसायाचा परवाना आपोआप मिळतो असा नाही. शिक्षणाचा पाया समान मानला जातो, इतकंच.

भारतात हे काम राष्ट्रीय मूल्यांकन मंडळ, म्हणजे एन.बी.ए., करतं. नॅक संपूर्ण कॉलेजाचं मूल्यांकन करतं, एन.बी.ए. एकेका अभ्यासक्रमाचं. भारताला २००७ मध्ये या करारात तात्पुरतं सदस्यत्व मिळालं आणि जून २०१४ मध्ये कायमचं. तेव्हा पेढे वाटले गेले, आणि ते योग्यच होतं.

पण एक बारीक गोष्ट बातम्यांत फारशी आली नाही. एन.बी.ए.ची मान्यता दोन प्रकारची असते, टियर एक आणि टियर दोन. टियर एक विद्यापीठं, आय.आय.टी.सारख्या संस्था आणि स्वायत्त कॉलेजांसाठी. टियर दोन संलग्न कॉलेजांसाठी. आणि वॉशिंग्टन करारात गणली जाते ती फक्त टियर एकची मान्यता.

असं का? संलग्न कॉलेजातली मुलं कमी हुशार म्हणून नव्हे. कारण असं, की हा करार विचारतो, तुमचा मुलगा चार वर्षांनी काय करू शकतो, आणि तो ते करू शकत नसेल तर तुम्ही शिकवण्यात काय बदल केला? संलग्न कॉलेजाच्या हातात अभ्यासक्रमही नाही आणि परीक्षाही नाही. मग ते बदल करणार कसा? म्हणजे १८५७ ची गाठ २०१४ मध्ये आपल्या पायात आली. देश करारात गेला, बहुसंख्य कॉलेजं दारातच राहिली.

कागद आणि जर्नल

या पद्धतीत निष्पत्ती हा कळीचा शब्द आहे. 'आउटकम' म्हणा. कल्पना अगदी साधी आहे. 'तुळईवरील भार हे प्रकरण शिकवले' असं लिहिण्याऐवजी 'विद्यार्थी दिलेल्या तुळईवरचा भार काढून तिचं माप ठरवू शकतो' असं लिहायचं, आणि त्याला ते येतं का हे तपासायचं. शेतात खत किती टाकलं यापेक्षा पीक काय आलं ते मोजायचं.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. यात आमच्यावरही दोष येतो, पण तो घ्यायलाच हवा. समिती येणार म्हटलं की कॉलेजात महिनाभर लगबग असते. फायली, रंगकाम, फ्लेक्स. प्रत्येक विषयाच्या निष्पत्ती अभ्यासक्रमाच्या निष्पत्तींशी जोडणारा एक मोठा तक्ता असतो. प्रत्येक चौकोनात एक, दोन किंवा तीन असा आकडा भरायचा. किती जवळचा संबंध, ते सांगणारा. एका कॉलेजात आम्ही काही शिक्षकांनी हा तक्ता रात्री अकरा वाजता बसून भरला. आधी सरासरी किती दाखवायची ते ठरलं, मग आकडे आले. सकाळी समितीनं तक्ता पाहिला, छान म्हणाली. त्या तक्त्यातून एकाही मुलाबद्दल आम्हाला काही नवं कळलं नव्हतं.

त्याच सुमारास प्रयोगशाळेतली एक गोष्ट घडली. एका विद्यार्थिनीचं जर्नल बघताना लक्षात आलं की तिची रीडिंग मागच्या वर्षीच्या एका मुलाशी दशांशापर्यंत जुळतात. तिला विचारलं. ती न घाबरता म्हणाली, "सर, माझं खरं रीडिंग वेगळं आलं होतं. पण उत्तर चुकलं की टर्मवर्कचे मार्क जातात ना?"

या पोरीनं आमचा रात्रीचा तक्ता पाहिला नव्हता. तरी ती तेच करत होती जे आम्ही केलं. बरोबर दिसणारा आकडा आधी, मोजणं नंतर. तिच्या वेगळ्या आलेल्या रीडिंगमध्येच विज्ञान होतं. उपकरण बिघडलं होतं का, वायर सैल होती का, तापमान बदललं होतं का, हे शोधायला आम्ही तिला शिकवायला हवं होतं. आम्ही तिला मार्क वाचवायला शिकवलं. आंतरराष्ट्रीय दर्जा म्हणजे काय, असं कुणी आम्हाला आता विचारलं तर आम्ही म्हणतो, त्या मुलीला आपलं खरं रीडिंग लिहिता येणं.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, स्वायत्तता द्यायची तर परीक्षेसह आणि विश्वासासह द्यायची. यावर लगेच शंका येते, की कॉलेजं आपल्याच मुलांना मार्कांची खैरात करतील. शंका खरी आहे. त्यावर उपाय युरोपात आणि इंग्लंडमध्ये जुना आहे. शिक्षक स्वतः तपासतो, आणि बाहेरचा परीक्षक निवडक उत्तरपत्रिका पाहून आपलं मत लेखी देतो. शिक्षकाचे हात बांधायचे नाहीत, पण त्याचं काम दुसऱ्याला दिसलं पाहिजे.

दुसरी गोष्ट, माणसं. महाराष्ट्रात किती कॉलेजं तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या जिवावर चालतात, हे इथं वेगळं सांगायला नको. सी.एच.बी.वरचा प्राध्यापक सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या कॉलेजात असतो. त्याला तासाचे पैसे मिळतात. क्रेडिटमधले व्याख्यानाबाहेरचे जे तास आपण मघाशी मोजले, त्यात मुलाला शंका आली तर हा शिक्षक भेटणार कुठे? तो त्या वेळी एस.टी.त असतो. २०३५ पर्यंत उच्चशिक्षणातलं प्रमाण ५० टक्क्यांवर न्यायचं असं धोरण म्हणतं. मुलं येतील. पूर्ण वेळचा शिक्षक नसेल तर क्रेडिट हा फक्त छापील आकडा राहील.

तिसरी गोष्ट, देशादेशांतले करार वापरणं. २०२२ मध्ये ब्रिटनशी आणि मार्च २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी पदव्यांच्या परस्पर मान्यतेबद्दल करार झाले. हे चांगलं आहे. पण करार दार उघडतो, आत गेल्यावर टिकायचं ते मुलाला. आणि ज्यांना कुठंच जायचं नाही, त्यांचं काय? बहुसंख्य मुलं इथंच राहणार आहेत. इथल्या पुलांवर, दवाखान्यांत, शाळांत, बँकांत काम करणार आहेत. दर्जाची पहिली गरज त्यांना आहे, आणि त्यांच्या पुलावरून जाणाऱ्या आपल्याला आहे.

शेवटी एक प्रश्न, जो अशा व्याख्यानानंतर हमखास येतो. मराठीतून शिकवलं तर आंतरराष्ट्रीय दर्जा राहील का? २०२१ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली, तेव्हापासून हा प्रश्न जास्त विचारला जातो. याचं उत्तर सोपं आहे. जपान वॉशिंग्टन करारात २००५ पासून आहे, दक्षिण कोरिया २००७ पासून. त्यांची मुलं मुख्यतः आपापल्या भाषेत शिकतात. भाषेमुळे दर्जा अडत नाही. पुस्तकं नसली, प्रयोगशाळा बंद राहिली, शिक्षक नेमला नाही, म्हणजे अडतो. आणि मराठीत हे सगळं नसेल, तर ते उभं करणं आपलंच काम आहे.

तर मंडळी, वजनमापाचा निरीक्षक शिक्का मारून निघून जातो. रोज काटा बरोबर ठेवायचा तो दुकानदारानं. आपल्यापैकी जे शिकवतात त्यांनी उद्या प्रयोगशाळेत गेल्यावर एक करून बघावं. ज्याचं रीडिंग चुकलंय आणि ज्यानं ते तसंच लिहिलंय, त्याला पूर्ण मार्क द्यावेत, आणि ते का चुकलं हे त्याला सगळ्या वर्गासमोर सांगायला लावावं. त्यासाठी कुठल्याही समितीची परवानगी लागत नाही.